लाकूड तुम्हीच न्या: झाडं छाटणाऱ्यांचं काम, अवजारं आणि हिशेब

आपल्या ताज्या भागाचा हा लिखित अवतार. ज्यांना लोकलमध्ये नेटवर्क मिळत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचलेलं लक्षात राहतं, त्यांच्यासाठी. बोलतानाचे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.

विषय आहे झाडं छाटणारे लोक. दर एप्रिल-मेमध्ये ते आपल्याला दिसतात. रस्त्याच्या कडेला टेम्पो, खाली एक माणूस वाहनांना हात दाखवतोय, वर अनवाणी एक माणूस, कमरेला मागच्या बाजूला कोयता अडकवलेला. आपण हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. जूनमध्ये मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो, अमुक चौकात झाड गाडीवर पडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे, आणि तो हवामानापेक्षा जास्त आपल्या पैसे देण्याच्या पद्धतीशी आहे, असं माझं मत झालंय. ते का, हे सांगतो.

मी दिवसभर स्क्रीनसमोर बसून कोड लिहिणारा माणूस. झाडाबद्दलचं माझं ज्ञान शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणापाशी संपत होतं. पण आमच्या सोसायटीत दरवर्षी छाटणीला येणारे एक काका आहेत, पन्नाशीचे असतील. यंदा दोन शनिवार-रविवार मी त्यांच्यामागे हिंडलो, प्रश्न विचारून त्यांना हैराण केलं आणि मग उरलेलं वाचून काढलं. काकांनी आधीच सांगितलं होतं, "नाव टाकू नका, फोटो टाकू नका." म्हणून ते इथे फक्त काका.

आधी दोराबद्दल बोलू, कारण मला सगळ्यात जास्त धक्का तिथे बसला. आपल्याला वाटतं, या धंद्यातलं मुख्य अवजार म्हणजे चेनसॉ. काका म्हणाले, "मशीन कुणीबी चालवतो. दोर धरणारा माणूस शोधून दाखवा."

खाली गाडी, पत्र्याची शेड किंवा कुंपण असेल, तर फांदी तशीच सोडून देता येत नाही. मग तिला दोर बांधतात, तो वरच्या एखाद्या जाड बेचक्यातून घेतात आणि दुसरं टोक खाली एका माणसाच्या हातात असतं. तो माणूस दोराचे दोन-तीन वेढे बुंध्याला घालतो. फांदी सुटली की त्या वेढ्यांच्या घर्षणावर तो तिला हळूहळू खाली सोडतो. बारावीचं फिजिक्स आठवा. पन्नास किलोचा ओंडका सुटला, एक मीटर खाली आला आणि दोराने त्याला दहा सेंटिमीटरमध्ये झटकन थांबवला. सरासरी ताण किती? ओंडक्याच्या वजनाच्या अकरा पट, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास. क्षणिक ताण त्याहून जास्त. आणि बेचक्यावरून दोर दोन्ही बाजूंना खाली येतो, त्यामुळे त्या बेचक्यावर जवळजवळ दुप्पट भार पडू शकतो. पन्नास किलोच्या ओंडक्यासाठी टनभर. त्याच बेचक्याला अनेकदा वरच्या माणसाचाही दोर बांधलेला असतो, हे लक्षात घ्या.

आता तोच ओंडका, तेवढाच एक मीटर पडला, पण खालच्या माणसाने दोर घट्ट न धरता सरकू दिला आणि पुढच्या एक मीटरमध्ये हळूहळू थांबवला. ताण वजनाच्या फक्त दुप्पट, शंभर किलो. फरक फक्त खालच्या माणसाच्या हातांचा. काका याला "दोर चालता ठेवायचा" म्हणतात. मी कागदावर गणित मांडून दाखवलं, तेव्हा ते हसले. म्हणे, "आम्हाला हे हाताला कळतं, तुम्हाला पेनाला."

ओंडक्याचं वजन हीसुद्धा फसवी गोष्ट आहे. ओलं लाकूड साधारण पाण्याच्या आसपासच्या घनतेचं धरायचं. एक फूट जाडीचा, मीटरभर लांबीचा तुकडा सत्तर किलोच्या घरात जातो. जाडी दोन फूट झाली तर वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं. पावणेतीनशे किलो! रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही "एक फांदी"च दिसतात. म्हणून अनुभवी माणूस जाड भागाकडे आला की तुकडे आखूड करत जातो.

बरं, काकांचा चढायचा दोर कुठला? नायलॉनचा, बाजारात किलोवर मिळतो तो. गिर्यारोहक वापरतात तसा आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेला दोर त्यांनी एकदा घेतला होता. त्याला हार्नेस लागतो, कड्या लागतात, सगळ्याचा खर्च एका हंगामाच्या कमाईला भिडतो. त्यांच्याकडे एक हार्नेस आहे, बांधकामाच्या साइटवरचा. त्याचा हूक पाठीवर असतो. पडल्यावर तो वाचवेल, पण त्यात बसून काम करता येत नाही. झाडावर काम करायचा हार्नेस वेगळा असतो. त्याच्या कड्या समोर, कमरेच्या खाली असतात, म्हणजे माणूस खुर्चीत बसल्यासारखा दोरावर बसतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

ब्रिटनमध्ये या लोकांना ट्री सर्जन म्हणतात. तिथे कामासाठी चेनसॉ चालवायचा तर प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि झाडावर चढून चालवायचा असेल तर त्याचं वेगळं. तिथल्या सुरक्षेच्या नियमावलीत एक मुद्दा मला फार आवडला. झाडावर चढायचं काम असेल तर किमान दोन माणसं हजर हवीत, आणि खालच्या माणसाला वर चढून जखमीला उतरवता आलं पाहिजे. आपल्याकडे खालचा माणूस बऱ्याचदा पालापाचोळा गोळा करायला आणलेला, रोजावरचा नवखा मुलगा असतो. वर काही झालं तर तो फक्त ओरडू शकतो.

आता चेनसॉ. दोन स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. प्रमाण कंपनी सांगेल तसं, पण पन्नासास एक असेल तर लिटरला वीस मिली. साखळीला वेगळं तेल लागतं, ते वेगळ्या टाकीतून आपोआप गळत राहतं. ही टाकी रिकामी ठेवून काम करणारे खूप आहेत. मग पट्टी तापते आणि साखळी ताणून ढिली होते.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग. हा भाग लाकडाला टेकला की दात कापायच्या ऐवजी अडकतो आणि अख्खं मशीन वर, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतं. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे "मी सावध असतो" या वाक्याला इथे अर्थ नाही. पुढच्या मुठीसमोर जी दांडी असते ती फक्त हाताला आडोसा नाही, तो साखळीचा ब्रेक आहे. मशीन उसळलं की ती ढकलली जाऊन साखळी थांबायला हवी. मी पाहिलेल्या दोन मशीनपैकी एकाची ती दांडीच मोडलेली होती. "मधे मधे यायची," असं उत्तर मिळालं. कोडमध्ये एरर येतात म्हणून एरर दाखवणारा भागच काढून टाकणारे सहकारी मला आठवले.

चेनसॉसाठी खास पँटही असते. त्यात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि मशीन जाम होतं. मांडी वाचते. पुण्याच्या मे महिन्यात ती घालून बघा म्हणजे कळेल कुणी का घालत नाही. पण गरम होतं हा अर्धाच मुद्दा, किंमत हा उरलेला अर्धा.

धार लावणं ही मात्र बघत राहावी अशी गोष्ट. गोल कानस, दाताच्या मापाची, लहान मशीनला बहुतेक चार मिलिमीटरची. प्रत्येक दाताला सारख्याच ओढी, एकाच कोनात, एकाच दिशेने. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप तिरका जातो. धार आहे की गेली हे ओळखायची खूण काकांनी दाखवली: खाली काय पडतंय ते बघायचं. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं आणि कानस काढायची. धार गेल्यावर माणूस मशीन दाबायला लागतो, आणि दाबायला लागला की हात सटकतो.

धार झटक्यात घालवणारी एक गोष्ट आपण शहरवाले झाडात भरून ठेवलेली आहे. खिळे! "रूम भाड्याने देणे आहे", क्लासच्या जाहिराती, दिवाळीच्या माळा. झाड दरवर्षी नवीन लाकूड बाहेरून चढवतं, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा खिळा आत गाडला जातो आणि बाहेरून दिसतही नाही. चेनसॉ त्यावर गेला की साखळी बाद, तुटली तर आणखी वाईट. लाकूड गिरणीवाले शहरातला बुंधा घ्यायला कां-कू करतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता झाडाच्या बाजूने बघू. जुन्या काळी झाडाची ढोली सिमेंटने भरायचे, दाताची कीड भरतात तशी. अमेरिकेत जॉन डेव्ही नावाच्या माणसाने १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून झाडावर "शस्त्रक्रिया" ही कल्पना तिथे चांगलीच रुजली. पुढे अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी वेगळंच काहीतरी केलं. आधीचे लोक झाडाच्या आडव्या चकत्या बघायचे. शायगोंनी चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी चिरली आणि कूज आत कशी पसरते ते पाहिलं. त्यातून १९७०च्या दशकात जे मांडलं गेलं ते थोडक्यात असं: झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब झालेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं, तो भाग कायमचा बंद करतं आणि त्याच्यावरून नवीन लाकूड चढवतं. जखम आतच राहते, फक्त झाकली जाते.

हे कळलं की छाटणीचे सगळे नियम पाठ न करता समजतात. फांदी बुंध्याला जिथे मिळते तिथे एक फुगवटा असतो, सालीला वळ्या पडलेल्या दिसतात. भिंत उभारायची सगळी यंत्रणा तिथे असते. फुगवट्याच्या किंचित बाहेर कापलं तर झाड ते बंद करू शकतं. अगदी बुंध्यालगत, सपाट, "नीटनेटकं" कापलं तर फुगवटाच गेला, जखम मोठी झाली आणि ती थेट बुंध्यात. फूटभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत घेऊन जातो. आणि कापलेल्या जागी डांबर फासून फारसा उपयोग होत नाही, उलट खाली ओल कोंडू शकते.

जाड फांदी तीन कापांत काढतात. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप. मग त्याच्या थोडं बाहेर वरून पूर्ण काप, फांदी पडते. शेवटी उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेर. पहिला काप गाळला तर फांदी अर्धी कापल्यावर स्वतःच्या वजनाने मोडते आणि खालची साल बुंध्यावरून लांबपर्यंत सोलून नेते. रस्त्यावरच्या झाडांवर ही सोललेली पट्टी दिसते का ते आता बघत जा. एकदा दिसली की सगळीकडे दिसायला लागते.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे शेंडाच उडवणं, "वरून सपाट करून टाका" वाला. झाडाची पानं गेली म्हणजे अन्न तयार करायचं साधन गेलं. मग ते घाईघाईत कापलेल्या जागेभोवती भरपूर कोंब काढतं. दोन वर्षांत झाड पुन्हा हिरवंगार दिसतं, सोसायटीला वाटतं वा! पण मूळ फांदी बुंध्याच्या आतून, थरावर थर चढत वाढलेली असते, आणि हे कोंब बाहेरच्या थराला चिकटलेले असतात. खाली जुन्या कापाची कूज. काही वर्षांनी तेच कोंब मनगटाएवढे, मांडीएवढे होतात, आणि एका वादळी संध्याकाळी मुळासकट निघतात. गुलमोहर आणि रेन ट्री, दोन्ही बाहेरून आलेली झाडं, एक मादागास्करचं, दुसरं मध्य-दक्षिण अमेरिकेतलं. दोन्ही आडवी पसरतात. त्यांची एकाच बाजूची छाटणी करून दुकानाची पाटी मोकळी केली, आणि दुसऱ्या बाजूला केबलसाठी खणताना मुळं तोडली, की पुढचं काम पाऊस करतो.

आणि इथे येतो तो हिशेब, ज्यासाठी मी हा भाग केला.

बहुतेक सोसायट्या कशा बोलतात? "काका, पैसे जरा कमी करा, लाकूड तुम्हीच न्या." ऐकायला दोघांचाही फायदा. पण विचार करा, आता काकांची कमाई कशात आहे? पातळ, वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या डहाळ्या काढायला वेळ सगळ्यात जास्त लागतो, चढावं सगळ्यात उंच लागतं, आणि त्या विकल्या तर काहीच मिळत नाही. जाड फांदी पंधरा मिनिटांत खाली येते आणि तिचे वजनावर पैसे होतात. म्हणजे झाडाला जे हवं त्याचे पैसे नाहीत, आणि झाडाला जे नको त्याचे आहेत. माणूस वाईट नाही, आपण लावलेलं बक्षीस चुकीचं आहे. आमच्या क्षेत्रात कुणी कोडच्या ओळी मोजून पगार द्यायचं ठरवलं तर काय होईल, तेच.

शिवाय त्या लाकडाचा बाजारही आता सारखा राहिलेला नाही. शहरातलं बरंचसं लाकूड जळणासाठी जातं: वखार, स्मशानभूमी, बेकरी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि तंदूरना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते बरंच आहे. पण लाकडावर मजुरी भागवणाऱ्याने त्याचा विचार आता करायलाच हवा.

लाकडालाही जात असते. बाभूळ कठीण आणि चिवट, अवजारांचे दांडे तिचेच, काकांच्या कुऱ्हाडीचाही. चिंच घट्ट विणीची, खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो. आंबा हलका, खोक्यांपासून स्वस्त फर्निचरपर्यंत चालतो, पण ओला ठेवला तर बुरशीने काळा पडतो. सुबाभूळ आणि निलगिरी कागदाच्या लगद्याला. गुलमोहराला कुणी विचारत नाही. आणि कुठलाही ओंडका कापल्यावर त्याची टोकं झपाट्याने सुकतात, कारण लाकडातून पाणी टोकाकडून सगळ्यात लवकर जातं. लाकूड वर्तुळाच्या दिशेने आक्रसतं ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट, म्हणून टोकाला चांदणीसारख्या भेगा पडतात. टोकांना रंग किंवा मेण लावून ठेवलं तर लाकूड बऱ्यापैकी वाचतं.

कायद्याबद्दल पटकन. शहरी भागात १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. त्यात "झाड तोडणं" याचा अर्थ झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं असाही होतो, त्यामुळे "आम्ही तोडलं नाही, फक्त छाटलं" हे उत्तर चालेलच असं नाही. परवानगी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यायची. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटलंय. आणि जवळून वीजवाहिनी जात असेल तर आधी महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. ओली फांदी वीज वाहते. वर चढलेल्या माणसाला हे माहीत असतं, पण "पाच मिनिटांचं काम आहे" असं खालून आपण म्हणत असतो.

यंदा आमच्या सोसायटीत मी मीटिंगमध्ये एवढंच मांडलं: मजुरी वेगळी, लाकूड वेगळं. मजुरी पूर्ण द्यायची, दिवसावर, दोन जाणकार माणसांची. कुठल्या फांद्या काढायच्या त्या परवानगीच्या अर्जाबरोबर खडूने खुणा करून ठरवायच्या. लाकूड सोसायटीचं. खजिनदार काकू म्हणाल्या, "म्हणजे दुप्पट झाले की रे." झाले खरे, जवळजवळ. अर्धा तास वाद झाला, शेवटी चार विरुद्ध सहा मतांनी पास झालं.

काम एका दिवसाऐवजी दोन दिवस चाललं. काकांनी रेन ट्रीच्या वाळक्या डहाळ्या अगदी शेंड्यापर्यंत जाऊन काढल्या, आणि जाड फांद्यांपैकी फक्त एक, पोकळ झालेली, दोराने उतरवली. खाली पडलेला ढीग मागच्या वर्षीच्या निम्माही नव्हता. एका सदस्यांनी लगेच विचारलं, "एवढे पैसे देऊन एवढंच कापलं?"

लाकडाचं काय झालं ते बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये विचारलंय. पालापाचोळा कंपोस्टच्या खड्ड्यात गेला, बारीक फांद्या वॉचमनदादांनी गावी नेल्या. मागच्या अंगणातल्या आंब्याची मोडलेली फांदीही परवानगी काढून उतरवली होती, तिचा एक जाड ओंडका पार्किंगमध्ये पडून आहे. दोन्ही टोकांना उरलेला ऑइल पेंट लावलाय आणि खाली विटा ठेवल्यात, वाळवी लागू नये म्हणून. पुण्यात कुणी सुतार ओळखीचा असेल तर सांगा, बाक करून घ्यायचा विचार आहे.